वन्संची वाटी आणि माझी जपमाळ

आमच्या वन्संना तंत्रशाळेत सगळे कपाटबाई म्हणतात. मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. सकाळी पोरांना किट काढून द्यायचे, संध्याकाळी पुसून आत ठेवायचे आणि मधल्या वेळात कुणी किटवर चहाचा कप टेकवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, यात उमेदीची वर्षं गेली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणतात, "बिनडोक यंत्रं सांभाळतेच आहे, त्यात आणखी भर कशाला?"

यंदा विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, कपाटासाठी वेगळं माणूस ठेवणं आता जमणार नाही. असेंब्लीची, म्हणजे यंत्राला त्याच्याच भाषेत एकेक हुकूम लिहून द्यायची, प्रात्यक्षिक परीक्षा पास झालात तर शिकवणाऱ्यांत घेऊ, नाही तर फाटकावर बसून ओळखपत्रं तपासायची. वन्सं तणतणतच घरी आल्या.

"फाटकावर बसून काय करू मी? कुत्र्यांशी गप्पा मारू?"

"मार की, ताई. निदान ती ऐकून तरी घेतील," आमचे हे म्हणाले. हे शिंपी. पुढच्या खोलीत यांचं शिलाई मशीन, आणि तिथून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर यांचं मत.

किट घरी आणायची परवानगी नाही, म्हणून सरावासाठी प्रोसेसर मला व्हावं लागलं.

"तुला काही समजायची गरज नाही, वहिनी. प्रोसेसरला अक्कल नसते. सांगितलं तेवढंच करायचं."

"मग तुमच्या भावाला बसवा की. तयार माल आहे."

"तो सांगितलेलंही करत नाही."

सराव होता चौकातल्या सिग्नलचा. लाल, पिवळा, हिरवा दिवा पाळीपाळीने लावायचा, दर दिव्यानंतर थोडं थांबायचं, आणि ठरलेल्या फेऱ्या झाल्या की सगळं बंद. यांच्या चिंध्यांतून तीन रंगांचे तुकडे आले, ते माझे दिवे. स्टीलची वाटी म्हणजे रजिस्टर, प्रोसेसरचा आकडा ठेवायचा खिसा. त्यात बटणं टाकली, जितक्या फेऱ्या तितकी. फेरी संपली की एक बटण काढायचं, वाटी रिकामी झाली की थांबायचं. इथवर माझंही डोकं चाललं.

लाल फडकवला. आता थांबायचं. थांबायचं कसं, तर वाटीत मूठभर बटणं भरून एकेक बाहेर काढत बसायचं, तेवढाच वेळ जातो.

"वाटीत आधीची आहेत, त्यांचं काय?"

"ओत बाहेर. प्रश्न विचारू नकोस."

ओतली. तिन्ही रंग असेच झाले. फेरी संपली तेव्हा वाटी ठणठणीत रिकामी.

"आता एक काढ."

"रिकाम्या वाटीतून? काय काढू, माझे दात?"

वन्संनी कागदावर त्या ओळीशी बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "खऱ्या यंत्रात शून्यातून एक काढला की मीटर उलटं फिरून सगळ्यात मोठा आकडा येतो, दोनशे पंचावन्न. दर फेरीला हेच, म्हणजे हा सिग्नल बंद होणारच नाही."

मी देवाकडे बघितलं. इतकी वर्षं मी याच्याकडे मागते आहे, आणि शून्यातून दोनशे पंचावन्न काढायची युक्ती याने त्या यंत्राला दिली!

परीक्षा तोंडावर, आणि वन्संना चूक दिसत होती पण सुटत नव्हती. दुसऱ्या सकाळी त्या तशाच कागद घेऊन माझ्यासमोर बसल्या. मी जप करत होते. तेवढ्यात दूध वर आलं. मी मण्याला सेफ्टी पिन अडकवली, धावले, गॅस बंद केला, भांडं पुसलं, परत येऊन पिन काढली आणि पुढचा मणी धरला.

"थांब. पिन कशाला?"

"कितव्या मण्यावर होते ते विसरायला होतं. मग देवाला फुकटचं जास्त जातं."

"देवाला होल्डवर ठेवतेस तू?"

"त्याची तक्रार नाही. दुधाची असते."

वन्संनी माझ्या हातातली माळ ओढली. "जायच्या आधी ठेवलंस. आल्यावर घेतलंस. वहिनी, स्टॅक असतो गं त्यासाठी! वर्गात दर वर्षी फळ्यावर बघते मी तो!" त्यांनी कागदावर, थांबायच्या कामाच्या सुरुवातीला 'पुश', म्हणजे बाजूला ठेव, लिहिलं आणि शेवटी 'पॉप', म्हणजे परत घे. आम्ही पुन्हा बसलो. या वेळी फेऱ्यांची बटणं आधी बशीत काढून ठेवली, काम झाल्यावर परत वाटीत. फेऱ्या संपल्या, वाटी संपली, मी थांबले. मशीनवरून टाळ्या आल्या.

परीक्षेत नेमके दिवेच आले. वन्संचे दिवे फिरले आणि जिथे थांबायचे तिथे थांबले. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे पुश कशासाठी?"

"वहिनीचं दूध उतू जात होतं," वन्सं बोलून गेल्या.

परीक्षकांनी चष्मा काढला. मग वन्संनी वाटी, बशी, माळ, पिन, सगळं सांगितलं. तोंडी परीक्षेचे गुण त्यांनी हात आखडूनच दिले, पण पास केलं. आता पोरं समोर मॅडम म्हणतात, मागे कपाटबाईच.

पहिल्याच आठवड्यात वन्संनी माझी माळ वर्गात नेली, पिनेसकट. "पोरांना स्टॅक कळत नाही गं," म्हणाल्या. अजून परत आलेली नाही. सध्या मी यांच्या डब्यातल्या बटणांवर जप करते. देवाला सांगून ठेवलंय, मोजणी चुकली तर कपाटबाईंना विचार, माझ्याकडे येऊ नकोस.