विमलबाईंच्या तळव्यावरची मेंदी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगून मन हलकं होईल असंही नाही — आणि व्हावं तरी कशाला?

मी नाशिकचा हृदयरोगतज्ज्ञ. मनगटातून अँजिओग्राफी करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मीच चारचौघांत सांगत फिरायचो. जांघेतून नळी घालणाऱ्या जुन्या डॉक्टरांची टिंगल करायचो. त्यांचा पेशंट दिवसभर आडवा, माझा तासाभरात उठून चहा पितो! किती मिजास — आणि कशाची, तर मनगटातल्या एका रक्तवाहिनीची.

नळी घालण्याआधी एक साधी तपासणी असते. हाताला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या दोन: अंगठ्याकडची, जिच्यातून नळी जाते, आणि करंगळीकडची. दोन्ही दाबल्या की तळवा पांढरा पडतो. मग करंगळीकडची एकटी सोडायची. तळवा पुन्हा लाल झाला, तर ती एकटी हात सांभाळेल. नाही झाला, तर त्या हाताच्या वाटेला जायचं नाही. शिकाऊ नर्सलाही जमतं हे.

विमलबाई पिंपळगाव बसवंतजवळच्या. द्राक्षबागेत कात्रीने घडांची विरळणी करायच्या. धाकटीचं लग्न उरकेपर्यंत छातीतली कळ त्यांनी घरात कळू दिली नव्हती. लग्नानंतर चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर आल्या, तेव्हा दोन्ही तळवे मेंदीने गच्च भरलेले. थोरल्या मुलीने, मनीषाने, हौसेने काढलेली. गावातल्या प्रत्येक नवरीला मेंदी तीच काढायची.

त्या मेंदीखाली लाली कशी दिसणार? सिस्टर म्हणाल्या, "सर, काहीच कळत नाहीये. वाहिनी दाबून, अंगठ्याला क्लिप लावून स्क्रीनवर रक्त पोचतंय का बघू का?" मिनिटाचं काम. मी नको म्हणालो आणि कागदावर 'नॉर्मल' लिहिलं. घाई होती का? नव्हती. सिस्टरने मला सुचवावं, एवढंच सहन झालं नाही.

नळी काढल्यावर ती रक्तवाहिनी बंद पडली. करंगळीकडची मुळातच नाजूक होती. संध्याकाळपर्यंत हात गार पडला. मुंबईला पाठवलं, तरी अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं टोक काळं पडून गेलंच. कात्री धरायची तीच बोटं. आम्ही डॉक्टर लोक याला चूक म्हणत नाही, कॉम्प्लिकेशन म्हणतो. तेवढं म्हणून मला सुटता आलं असतं.

पण मला तेवढंही पुरलं नाही. मनीषा केबिनमध्ये आली, काय झालं म्हणून विचारायला लागली — आणि मी म्हणालो, हल्लीच्या मेंदीत कसली कसली केमिकल्स असतात, त्यानेच बोटं गेली.

"म्हणजे माझ्यामुळं झालं का, सर?"

मी मान हलवली. होकारार्थी. तिच्याकडे बघून.

विमलबाई अजून दर तीन महिन्यांनी तपासायला येतात. मनीषाच घेऊन येते. चांगला डॉक्टर भेटला म्हणते. एकदा द्राक्षांची पेटी आणली होती. मी ती घेतली. घरी नेऊन खाल्ली.

परवा मी तिला विचारलं — का विचारलं, कोण जाणे — मेंदी काढतेस का अजून?

"नाय सर. आता कुणाच्या हाताला हात लावत नाय."

बरं, म्हणालो, आणि पुढचा पेशंट बोलावला.