रुक्माक्कांची डबल बेल

रुक्माक्का मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या आमच्या सामानाच्या टेम्पोला चापट मारत होत्या. आम्ही लातूरहून नांदेडला बदलून आलो होतो. गल्ली अरुंद, ड्रायव्हरला मागचं काही दिसेना आणि सुरेश, म्हणजे माझा नवरा, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत टेम्पोला थेट विजेच्या खांबाकडे बोलावत होता. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक उंच, सावळ्या बाई पदर खोचत आल्या आणि पत्र्यावर तळहाताने एकदा धप्पकन मारलं. टेम्पो जागच्या जागी थांबला. त्यांनी खांबाकडे बघितलं, मग सुरेशकडे बघितलं, ड्रायव्हरला चाक वळवायला लावलं आणि पत्र्यावर दोनदा मारलं. टेम्पो निमूट आत आला. सुरेशने त्यानंतर कुणाला गाडी मागे घ्यायला मदत केलेली मला आठवत नाही.

अक्का एसटीत कंडक्टर होत्या. मूळच्या देगलूरकडच्या, नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, वंदना. बाई तिकीट फाडते म्हटल्यावर माणसं वळून बघायची तेव्हापासून त्यांनी ही नोकरी केली. नोकरी संपली पण हात काही रिटायर झाला नाही. रिक्षा असो, लग्नाची जीप असो, आमची छोटी गाडी असो, अक्का आत बसल्या की पत्र्यावर दोन थापा पडायच्या आणि मगच गाडी हलायची. नवा रिक्षावाला दचकायचा, पण थांबायचा. "एका बेलला थांबायचं, दोन बेलला निघायचं. त्याच्यापल्याड दुनियेत काय हाय?" असं त्या म्हणायच्या.

दुसरं पालुपद 'पुढं सरका'चं. लग्नाची पंगत असो की हळदीकुंकवाची गर्दी, अक्कांचा तो आवाज आला की बायका आपोआप सरकायच्या. लातूर सुटलं म्हणून मी सुरुवातीला फार रडत असे. तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं. "दारात उभं राहून काऊन रडून राहिलीस? पुढं सरक, पोरी. आपण अडून बसलं की मागच्याला चढता येत न्हाई." मला राग आला होता. पण रडणं थांबलं, हेही खरं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी अक्कांच्या छातीत गाठ निघाली. दवाखान्यात त्यांच्यासोबत मीच गेले होते. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आला की फोन करू म्हणाले. नंबर माझा दिला, कारण अक्का आपला फोन फ्रिजवर ठेवून गावभर फिरायच्या. वंदना हैदराबादला, बाळंतपण जवळ आलेलं, डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. तिच्या कानावर यातलं काही जायचं नाही, अशी अक्कांनी मला शपथच घातली. सुरेशलासुद्धा सांगायचं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणजे सगळा भार माझ्यावर, आणि मी अशी की दूध तापायला ठेवलं तरी माझा जीव खालीवर होतो.

आणि दुसऱ्याच दिवशी अक्कांनी जाहीर केलं की किनवटच्या जंगलात जायचं. त्या रस्त्याने त्यांनी उभा जन्म गाडी नेली, पण इस्लापूरला प्रवासी उतरवले की दोन बेल. जवळच असलेला सहस्रकुंडाचा धबधबा काही त्यांनी पाहिलेला नव्हता. "सारी दुनिया उतरवली तिथं, मीच तेवढी उतरले न्हाई," असं त्या सुरेशला म्हणाल्या. तो एका पायावर तयार झाला. किनवटच्या पुढे उनकेश्वरजवळ त्याच्या मित्राचं शेतघर होतं. मी स्वयंपाकघरात अक्कांना गाठून हळूच विचारलं, तिकडे फोन लागला नाही तर? त्यांनी दशम्या बांधायला घे म्हणून सांगितलं.

शरदातलं जंगल मी तेव्हा पाहिलं असं म्हणायचं एवढंच. सागाची पानं पिवळी पडू लागली होती, रस्त्याच्या कडेला बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या, धबधब्याचं पाणी काळ्या खडकावरून दणाणत होतं. अक्का काठापासून लांब एका दगडावर बसून ठेचा-दशमी खात ते पाणी डोळे भरून बघत होत्या. मी फोन बघत होते. रेंजची एक काडी आली की फोन पदरात लपवावासा वाटायचा आणि गेली की तोच उंच धरून मी ती काडी शोधायची. सुरेश वैतागून म्हणाला, हिला धबधबासुद्धा फोनमध्येच बघायचाय. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण शपथ होती.

किनवट मागे पडलं, रेंज पार गेली आणि मी फोन पिशवीत टाकला. संध्याकाळी आम्ही उनकेश्वरला गेलो. जुनं दगडी देऊळ आणि शेजारी गरम पाण्याची कुंडं. उभ्या नोकरीने अक्कांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. ते पाय पाण्यात सोडून त्यांनी डोळे मिटले. मी इतकी घाबरलेली होते की देवळात जाऊन मागायचं ते सगळं मागून आले होते. इथल्या पाण्याने दुखणी बरी होतात म्हणतात, असं मी त्यांना म्हटलं.

"ते कातडीचं दुखणं, पोरी," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "आतलं न्हाई. पण पाय लई हलके झाले बघ."

दोन दिवस राहिलो. अक्का शांत झोपल्या, शेतघरातल्या बाईकडून अंबाडीची भाजी शिकल्या, सुरेशला पत्त्यांत हरवत राहिल्या. मी मात्र मनातल्या मनात रोज तो फोन उचलत होते. कधी डॉक्टर चांगलं बोलायचे, बहुतेक वेळा वाईटच.

परतताना किनवटच्या अलीकडे चढणीचं एक वळण लागतं. तिथे मागच्या सीटवरून पत्र्यावर थाप पडली. एकच. सुरेशने विचार न करता ब्रेक दाबला. अक्कांनी माझ्यापुढे हात केला.

"आण तो फोन. इथं लागतो. आमच्या ड्रायव्हरचा इथंच लागायचा."

"जातानाही आपण इथूनच गेलो, अक्का."

"हाव. मुद्दामच बोलले न्हाई. दोन दिवस माझे होते, ते घेतले."

फोन त्यांच्या हातात जाईपर्यंत खणखणू लागला, आलेले मेसेज, हुकलेले कॉल. त्या उतरून सागाच्या झाडाखाली गेल्या. सुरेशने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावरूनच त्याला काय ते कळलं. त्याने इंजिन बंद केलं. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. पाय फाकून उभ्या, एक हात वर, फांदीला धरलेला. गाडी हलत असली की त्या अशाच दांडी धरून उभ्या राहायच्या. बोलणं फार वेळ चाललं नाही. फोन बंद झाल्यावरही त्यांनी फांदी सोडली नाही. मी दार उघडलं आणि परत लावून घेतलं.

मग त्या आल्या, बसल्या, पदराने तोंड पुसलं. फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि माझा हात घट्ट धरला. "वंदी मोकळी होईस्तोवर तिला सांगायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. दुसरा हात खिडकीतून बाहेर काढून त्यांनी पत्र्यावर दोनदा मारलं. सुरेशला चावी फिरवायला दोन्ही हात लागले.

वंदनाला मुलगी झाली. उपचार चालू असतानाच अक्कांनी नातीला मांडीवर घेतलं, तिचे नाकडोळे बघून हसल्या. मी त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पुढं सरकल्याबिगर हिला जागा कशी व्हायची गं?" उन्हाळा संपता संपता त्या गेल्या.

शववाहिनी गल्लीत आली, त्याच खांबाजवळ उभी राहिली. अक्कांना आत ठेवलं, दार लागलं. पुरुष मागे उभे राहिले, आम्ही बायका ओट्यापाशी, वंदनाच्या कडेवर ती लेक. आता निघा असं म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. ड्रायव्हर आरशातून बघत होता. सुरेशने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि पत्र्यावर तळहाताने दोनदा मारलं.

गाडी निघाली.