मांडाबाहेरची शेवंतीकाकी

शेवंतीकाकी गेली हे मला कळवलं कुणी म्हणता? महोत्सव समितीतल्या एका गृहस्थांनी. तेही कळवायला नाही, मागायला. "बाई, तुमच्या त्या पेडण्याच्या शेवंतीबाई गेल्या हो परवा. लोककलेचं फार मोठं नुकसान झालं. आम्ही श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवतोय. त्यांच्या आवाजाची एक कॅसेट होती ना तुमच्याकडे?" काकी गेली... आणि या माणसाला कॅसेट हवी होती! "होती," मी म्हटलं, "तुमच्याच लोकांनी नेली आणि परत दिली नाही. आता तिच्या फोटोला हार घालायला जमलात तर मी येऊन सगळ्यांदेखत तमाशा करीन, सांगून ठेवते." आणि फोन आपटला. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मुलगा ओरडतो, पण काय करू? महिना झाला, तो राग उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, तो का ते सांगते.

मी मूळची डिचोलीची. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक झाली ती पेडणे तालुक्यातल्या एका आडगावात. शाळेत मुलगे तीस आणि मुली चार. शेवंतीकाकी माझ्या खोलीच्या शेजारची. नवरा लवकर गेलेला, दोन मुलगे, थोडी भाटातली, म्हणजे माडांच्या बागेतली कामं, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्याला तिने घरातून हाक मारलेली कळायची. मी आल्यावर पंधरा दिवसांतच ती माझा हात धरून घरोघर फिरली. "ही बाई काय आपल्या पोरग्यांका गिळूची नाय! धाडा शाळेत!" एकेका घरात अशी फैर झाडायची की बापडे पोरीचे केस विंचरूनच बाहेर पाठवायचे. वर्षाच्या शेवटी माझ्या वर्गात एकोणीस मुली होत्या. त्या काकीने आणल्या होत्या, मी नाही.

पौषात आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, धालो व्हायचे. बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. वाड्यातल्या बायका शेणाने सारवलेल्या एका ठरावीक अंगणात जमतात, त्याला मांड म्हणायचं. नारळ ठेवून, दिवा लावून मांड जागवायचा आणि बायकांनी समोरासमोर दोन रांगा धरून गायचं. शेवटच्या दिवशी पाणी शिंपून मांड उठवला की ती गाणी पुढच्या पौषापर्यंत ओठांवर आणायची नाहीत, आणि मांडाबाहेर तर कधीच नाही. देवीला हाक घालणारं पहिलं गाणं असतं, ते उचलायचा मान काकीचा. तिच्या सासूनंतर तिच्याकडे आलेला. त्या एका गाण्यासाठी ती पाच दिवस अनवाणी राहायची, कुणाशी वाकडा शब्द बोलायची नाही. आणि काकीने पाच दिवस वाकडा शब्द न बोलणं म्हणजे काय, हे तिच्या शेजाऱ्यांनाच विचारा.

माझ्याकडे भावाने दिलेला टेपरेकॉर्डर होता. मुलींना पुढे शब्द यावेत म्हणून मी मांडावर गाणी टेप करू का असं विचारलं. काकीने दोन दिवस विचार केला, देवीला कौल लावला आणि मग म्हणाली, "कर. पण बाई, तां तुझ्या खोलीतसून भायर जावचां नाय. माका शब्द दी." मी शब्द दिला. ती कॅसेट ऐकून ऐकून मला पहिलं गाणं अथपासून इतिपर्यंत पाठ झालं.

गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मये तळ्याजवळच्या माळावर तीन दिवसांचा लोकसंगीत महोत्सव भरला. गावोगावची पथकं बोलावलेली, राहायला तंबू. आमच्या वाड्यावरच्या अकरा बायका फुगडी घेऊन निघाल्या, सोबतीला मी. खाली जांभा दगड, तंबूच्या खुंट्या ठोकल्या तर वाकायच्या. मांडववाले घामाघूम होऊन नुसते बघत बसले. काकीने त्यांच्या हातातले दोर काढून घेतले आणि शेजारच्या काजूंना बांधले. "गुरां बांदतत तशी गाठ मारूक होयी, शिरां ताणून काय जाता?" आत भट्टी तापल्यासारखी. समितीच्या पुऱ्या दुपारी तीनला यायच्या, त्याही चिवट. काकीने पहिल्याच सकाळी तीन दगड मांडून पेज शिजत घातली, भाजलेला सुका बांगडा काढला, आणि शेजारच्या तंबूतली सुर्ला गावची, घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारी माणसंसुद्धा वाट्या घेऊन आली. खरं सांगते, तो दीड दिवस माझ्या आयुष्यातला अतिशय आनंदाचा होता. कुणी घुमटावर बोटं चालवून दाखवतंय, आमच्या बायका त्यांना हसतायत, मी मधे बसून वहीत शब्द उतरवतेय... आणि उशाच्या पिशवीत ती कॅसेट. होय, मी ती खोलीबाहेर आणली होती! शब्द उतरवायचे होते हे खरं, पण कुणीतरी विचारावं, कौतुक करावं हेही मनात होतंच. आज लपवायचं कशाला?

संयोजक म्हणून एक साहेब होते. इस्त्रीचा झब्बा, गळ्यात बिल्ला. हातात छापील कागद, त्यात रकाना : गीतांची भाषा, मराठी की कोंकणी. तेव्हा त्या दोन शब्दांवरून भाऊभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. साहेबांनी काकीला विचारलं तर ती म्हणाली, "आमची." "आमची म्हणजे कुठली?" "आमच्या वाड्याची. लिवा तशी." पण खरं भांडण त्यावरून झालं नाही. पत्रिकेत यांनी परस्पर 'धालो' छापलं होतं.

"धालो आमी गावचंव नाय," काकी म्हणाली. "फुगडी घालतंव, होई तितकी."

"अहो, प्रमुख पाहुणे खास त्यासाठी येताहेत! नारळ हवा ना? स्टेजवर नारळ ठेवतो, दिवा ठेवतो. झाला की मांड!"

"साहेब, तुमच्या घरातलो देव्हारो उचलून बाजारात मांडतलास? वर दिवो लावलो म्हणान थंय देव येतलो?"

आमच्या बायका हसल्या आणि साहेबांचा चेहरा पडला. तेव्हा मीही हसले. दुपारी मात्र त्यांनी मला बाजूला बोलावलं, खुर्ची दिली, थंड सरबत दिलं. तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईंनी हे जपायला हवं, स्मरणिकेत तुमचं नाव छापू, असं काहीबाही. आणि मग हळूच, "रेकॉर्डिंग वगैरे केलंय का कधी? मला एकट्याला ऐकायचंय हो. तासाभरात परत देतो." मी दिली. एका ग्लासभर सरबतावर दिली...

संध्याकाळी आमच्या बायका स्टेजवर चढल्या, फुगडीला हात धरले, आणि कर्ण्यातून काकीचा आवाज आला. पहिलं गाणं. देवीला हाक. भर वैशाखात, शेंगदाणे खाणाऱ्या गर्दीत! बायकांचे हात सुटले. काकीच्या जोडीला उभी असलेली पार्वतीवहिनी कानांवर हात ठेवून मागे सरली. पाहुणे टाळ्या वाजवत होते, साहेब विंगेतून "नाचा, नाचा" म्हणून हातवारे करत होते. काकीने डोक्यावरून पदर घेतला, कर्ण्याकडे तोंड करून हात जोडले आणि एकेकीला दंडाला धरून खाली उतरवलं. आम्ही तंबूत आलो. "माझ्याकडून..." मी सुरू केलं. "गप ऱ्हव," ती म्हणाली आणि काजूवरचे दोर सोडायला लागली.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. शेवंती बाजारात धालो गायली! आवाज तिचाच, ऐकणारे शेकड्याने, मग कोण कशाला खात्री करतंय? मी तिच्या दारात गेले, म्हटलं, मी देवळात सगळ्यांसमोर सांगते. "तुका कोण इचारूक इलो तर माका काय खबर नाय, असां सांग," ती म्हणाली. "आवाज माझो, मांड माझो. तू मधी पडा नको." आणि मी ऐकलं! मला सुटल्यासारखं झालं, हीच तर शरमेची गोष्ट. पुढच्या पौषात ती मांडावर आली, पण रांगेत शिरली नाही. अंगणाच्या कडेला माडाला टेकून उभी राहिली. बायकांनी हात ओढले, पाया पडल्या. "देवीक माझो आवाज बाजारात सापडलो, आता हय काढूचंय नाय," इतकंच बोलली. त्या जूनमध्ये माझी बदली झाली. वीस वर्षांत मी त्या गावात चार वेळा गेले असेन, प्रत्येक वेळी पेज जेवले आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. साहेबांवर चिडायला मला जीभ होती, हे बोलायला मात्र नव्हती. त्या साहेबांना पुढे लोककलेच्या सेवेबद्दल शाल मिळाली, त्याचा फोटो पेपरात बघून मी पेपर फाडला. फाडायचं काय, मी स्वतः कोण मोठी लागून गेले होते?

बाराव्याला गेले. बायका ओसरीवर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कॅसेट माझी, दिली मी, काकीने कुणाला काही दिलं नाही. मला वाटलं होतं, आता शिव्या बसणार, बसायलाच हव्यात. कुणीतरी माझ्यापुढे पाट सरकवला. मग पार्वतीवहिनी म्हणाली, "आमका म्हायत होतां, बाई. तिणांच सांगितलां, मागीर कधीतरी. बाईचां नाव भायर पडलां तर पोरग्यो शाळेत जावच्यो बंद होतल्यो, म्हणान गप ऱ्हवलंय, असां म्हणाली."

मी रडले नाही. संतापच आला, तिच्यावरसुद्धा. कुणी सांगितलं होतं गं तुला एवढा शहाणपणा करायला? एकदा दोन कानशिलात द्यायच्या होत्यास आणि गायचं होतंस ना! शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, आता पहिलं गाणं कोण उचलतं?

"कोण नाय," वहिनी म्हणाली. "वीस वर्सां दुसऱ्या गाण्यापासून धरतंव. तिचां गाणां, ती दर पौषात माडाकडे उबी आसताना दुसऱ्यान कसां उचलूचां? आता उचलूक हरकत नाय, पण माका अर्धांच येतां. ह्या पोरग्यांनी तर आयकूकच नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुका येतां ना गो सगळां? पौषात ये आणि शिकय."