व्यसन : निरंक

“ओपिऑइड डिपेंडन्स,” अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला आणि मोबाइल बघत पुढच्या खाटेकडे निघून गेला. माझ्या नवऱ्याच्या आजाराचं निदान मला असं उभ्या-उभ्या कळलं.

मी त्याच्या मागे गेले आणि अर्थ विचारला. ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातकुळीतली, दुखणं मारणारी औषधं. डिपेंडन्स म्हणजे शरीराला त्यांची इतकी सवय लागणं, की ती थांबली की शरीर बंड करतं. “डोस फार वाढला, म्हणून फीट आली. पुन्हा आली तर वाचतीलच असं नाही,” एवढं बोलून तो गेला.

हे भिक्षुकी करतात. चार-चार तास मांडी घालून बसायचं, त्यात कंबर गेली. चार वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरने दहा दिवसांसाठी ट्रामाडॉल लिहून दिली होती. दहा दिवस संपले, गोळी संपली नाही. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला “या गुरुजी” म्हणायचा आणि चिठ्ठी न बघता गोळ्यांची पट्टी काढून द्यायचा. निम्म्या वेळा ती पट्टी मीच आणली आहे. दिवसाच्या दोन गोळ्यांच्या दहा कधी झाल्या ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि मी शाळेत गणित शिकवते. शेवटी पातूरला एका घरी आरती चालू असताना हे ताम्हनावर कोसळले.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या खवळल्या.

“आमच्या घरात कोणी सुपारीलेही हात लावला नाही. व्यसन कावून म्हणतेस त्याले? दुखीची गोळी आहे ती.”

आणि व्यसन नाही म्हणता म्हणता त्यांनी घरातल्या सगळ्या पट्ट्या संडासात टाकल्या. दुसऱ्या दिवशी यांना जांभयांवर जांभया येऊ लागल्या. नाक वाहायला लागलं, अंगावर काटा, जुलाब, पाय तर एका जागी ठरेनात. याला विथड्रॉवल म्हणतात, म्हणजे औषध अचानक तुटल्यावर शरीराने मांडलेला दंगा. तिसऱ्या दिवशी हे भिंत धरत धरत जाऊन नवी पट्टी घेऊन आले. तुमच्या घरी अशी वेळ आली तर शूरपणा करू नका. एकदम बंद करायचं नसतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी मदत शोधायला निघाले. मदत हा शब्द लिहितानाही मला राग येतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनाचा निग्रह पाहिजे. यांच्या चुलतभावाने सांगितलं, मठात बसा, जप वाढवा. अंजनगाव सुर्जीच्या रस्त्यावर एक खासगी व्यसनमुक्ती केंद्र होतं, तिथे मी एकटीच बघायला गेले. फाटकाला बाहेरून कुलूप. आत उन्हात माणसं उठाबशा काढत होती.

“दारूवाला हाय का गांजावाला?” तिथल्या माणसाने विचारलं.

“गोळ्या.”

“मंग काही टेन्शन नाही. आठ दिवस कोंडून ठेवू, आपोआप सुटते.”

डॉक्टर कोण आहेत, असं विचारल्यावर तो हसला. मी त्याला जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. असं कुठे गेलात तर आधी डॉक्टरचं नाव विचारा, आणि नाव मिळालं नाही तर आल्या पावली परत फिरा.

रस्ता दाखवला तो शाळेतल्या मोहोडबाईंनी. त्यांच्या दिरावर व्यसनाचे उपचार झाले होते, आणि त्यांनी ते भर स्टाफरूममध्ये, डबा खाता खाता सांगितलं. मला आधी त्यांचाच राग आला. हळू बोलायचं कळत नाही का, असं वाटलं. त्यांनी सरकारची व्यसनांसाठीची फुकट हेल्पलाइन लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडच्या बाईने वय, गोळीचं नाव, रोजची संख्या, फीट, सगळं न दचकता विचारलं आणि सांगितलं, की याचा डॉक्टर मानसोपचार विभागात असतो. ही एक ओळ मला चार वर्षांत कोणी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला सांगते. हाडांच्या डॉक्टरकडे नाही, मेडिकलवर नाही, मठात नाही. मानसोपचार विभाग.

नात्यातलं कोणी भेटू नये म्हणून आम्ही अकोल्यातला सोडून अमरावतीच्या मानसोपचार विभागात गेलो. बाकावर अडीच तास बसलो. हे तोंडाला उपरणं लावून. केसपेपरवर एक रकाना होता, व्यसन. यांनी आपल्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं, निरंक.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद वाचला, यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “गुरुजी, अक्षर छान आहे. आता रोज किती गोळ्या लागतात ते खरं सांगा.”

यांनी सांगितलं. चौदा. मला दहा माहीत होत्या.

बाईंनी ब्यूप्रेनॉर्फिन लिहून दिली. हेही त्याच जातकुळीतलं औषध, पण ते तल्लफ आटोक्यात ठेवतं आणि विथड्रॉवल होऊ देत नाही. पहिली गोळी कधी सुरू करायची ते डॉक्टरच ठरवतात, घरी आपल्या मनाने नाही. जिभेखाली ठेवायची, पूर्ण विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. “हे बीपीच्या गोळीसारखं समजा. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही,” त्या म्हणाल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी डॉक्टरीणबाईंचं आडनाव विचारलं. मी सांगितलं नाही.

दहा-बारा दिवस छान गेले. हे जेवायला लागले, चिडचिड कमी झाली. मी सकाळच्या शाळेला निघताना वाटीत गोळी काढून ठेवायची आणि दुपारी वाटी रिकामी दिसायची. मग एकादशी आली आणि या वेळी तिला लागूनच दुसऱ्या दिवशी प्रदोष. प्रदोषाच्या दुपारी मी घरात शिरले तर यांचं नाक वाहत होतं, जांभयांवर जांभया चालल्या होत्या आणि मांडीवर ट्रामाडॉलची कोरी पट्टी होती. मेडिकलवाल्याने पुन्हा “या गुरुजी” केलं होतं.

“गोळी घेतली नाही?”

“उपास होता न.”

मला कळेचना. चार वर्षं यांनी निर्जळी एकादशीलाही ट्रामाडॉल घेतली होती. औषधाने उपास मोडत नाही, असं स्वतः सासूबाई म्हणायच्या आणि गोळी हातावर ठेवायच्या.

“ते दुखीचं औषध होतं,” हे म्हणाले. “हे व्यसनाचं आहे. व्यसनाची वस्तू उपासाले कशी चालंल?”

दोन दिवसांच्या दोन गोळ्या देव्हाऱ्यामागे कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. ज्याने माणूस मरायला टेकला ते औषध, आणि ज्याने उठला ते व्यसन. मी किंचाळले. शेजारी ऐकतील म्हणून सासूबाईंनी खिडकी लावली, ती मी उघडली.

“आई, तुमच्या उपासाने यांचा जीव जाईल. मले तसला उपास नाही पाहिजे या घरात.”

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, नव्या पट्टीतली घेतली का. नव्हती घेतली. मग म्हणाल्या, आजची गोळी आत्ता द्या, उद्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी त्या यांना एवढंच म्हणाल्या, “गुरुजी, हे औषध आहे. शास्त्राचा निर्णय तुम्ही द्या, औषधाचा मी देते.” परतल्यावर ती पट्टी मी मेडिकलवाल्याच्या काउंटरवर आपटली. औषध प्रशासनाकडे केलेल्या तक्रार अर्जाची प्रतही त्याला वाचून दाखवली.

सात महिने झाले. पुन्हा फीट आलेली नाही. मागच्या रविवारी बाळापूरला एक वास्तुशांत होती, सुट्टी म्हणून मीही सोबत गेले. निघायच्या घाईत सकाळची गोळी राहिली, ती यांनी तिथेच पाटावर बसून जिभेखाली ठेवली.

“गुरुजी, सुरू करा न. मुहूर्त चालला,” यजमान म्हणाले.

यांनी हात वर केला. तोंड बंद. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

“मौन असतं त्यांचं,” मी पटकन म्हणाले. मी, जी एवढी पानं सगळ्यांवर ओरडत आले.

हे गोळी विरघळेपर्यंत बसून राहिले. मग यजमानांकडे वळले.

“मौन नाही. हिनं तुमाले खोटं सांगतलं. मले गोळ्यांचं व्यसन लागलं होतं, त्याचं औषध होतं तोंडात. घ्या आता, संकल्पाले पाणी घ्या हातावर.”

यजमानांनी हात पुढे केला. मला मान वर करवेना. तशीच बसले, आणि अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला.