कुंपणावरची बाळंतीण

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांची नाळ माझ्या सासूबाईंनी, न्यागुथींनी, कापलेली. पायाळू मूल असो की जुळं, त्यांचा हात कधी थरथरला नाही. पण कुंपणावर शिंगवाला सरडा दिसला की बाई किंचाळत घरात! किरिन्यागा डोंगराच्या उतारावर हे सरडे ढिगानं, त्यामुळे किंचाळणं रोजचंच.

मला तेव्हा सातवा लागला होता. सकाळी गाईसाठी गवत आणायला गेले, तर कुंपणाच्या फांदीवर एक हिरवीगार सरडी. पोट टम्म फुगलेलं, एक डोळा माझ्याकडे, दुसरा आभाळाकडे.

"बघू नकोस तिच्याकडे! अशा दिवसांत?" सासूबाई दारातूनच ओरडल्या.

"आई, तिला कळा येताहेत वाटतं."

कळा म्हटल्यावर त्यांना राहवेना. दबकत आल्या, दुधाची किटली पालथी घालून तिच्यावर बसल्या. सरडीनं शेपटीखालून ओला, पारदर्शक थेंब पानाला चिकटवला. थेंब हलला, फाटला आणि त्यातून नखाएवढं पिल्लू निघून चालायलाच लागलं.

"अगं बाई! अंडी नाहीत?" मग त्यांनीच उत्तर शोधलं. "इथल्या गारठ्यात मातीतली अंडी उबणार कशी? पोटातच उबवते शहाणी."

पिल्लामागून पिल्लू येत राहिलं. गाय हंबरत होती, तिकडे कुणाचं लक्ष?

शेजारचे गाथोगो काठी घेऊन धावले. "सरका, मारतो!"

"माझ्या बाळंतिणीला हात लावशील तर याद राख! तुलाही मीच ओढून बाहेर काढलाय."

गाथोगोंनी काठी खाली टाकली आणि तेही मोजायला बसले. तेवीस झाली!

आमच्याकडे मुलगा झाला की पाच आरोळ्या, मुलगी झाली की तीन. इथं कोण मुलगा, कोण मुलगी? सासूबाईंनी दम संपेपर्यंत आरोळ्या ठोकल्या. मीच बाळंत झाले समजून बायका धावत आल्या. त्यांतल्या वांबेरेनं तर बाळंतिणीला देतात ते काळे घेवडे शिजवून आणले.

"इतक्या लवकर? कुठाय बाळ?" तिनं विचारलं.

"तेवीस आहेत. घे, कुठलं घेतेस?" सासूबाई म्हणाल्या.

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. घेवडे मीच संपवले.

तेव्हापासून कुंपण छाटायच्या आधी सासूबाई फांदी न् फांदी तपासतात. सरडा दिसला की लांब काडीवर चढवून पलीकडच्या झाडावर सोडतात. हात मात्र अजून लावत नाहीत.