उद्या पावणेचार

माझ्या मुलीला काट्यांचं घड्याळ मी दोन दिवसांत शिकवलं. ते निस्तरायला आता वर्ष होत आलं, अजून जमलेलं नाही.

सई सात वर्षांची. आम्ही बंगळूरला, त्यामुळं शाळेत इंग्रजी, खाली खेळताना कन्नड. सव्वा, साडे जमलं. पावणेपाशी गाडी अडली. तेव्हा मला (नको तेव्हा सुचतं तसं) सुचलं! आमच्या निपाणीकडं पाहुण्यांना पावणे म्हणतात. म्हटलं, “पावणेचार म्हणजे चार वाजणं पावण्यासारखं दारात उभं आहे. पंधरा मिनिटांनी आत येणार!”

सईला पटलं. जरा जास्तच पटलं.

त्याच संध्याकाळी मी मीटिंगमध्ये असताना दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन तिनं घेतला. आई गेल्यापासून ते निपाणीत एकटेच. बोलणं मुळातच मोजकं.

“बाबा, उद्या आपल्याकडे चार पावणे येणार! आजोबा म्हणाले.”

“कोण कोण?”

“नावं नाही सांगितली. फोन ठेवलाच!”

उलट फोन लावला, तर बंद. (दादा चार्जिंगसुद्धा काटकसरीनं करतात.) बायकोनं रजा टाकली, शेजारच्या अक्कांकडून गाद्या आणल्या, चार जणांचा स्वयंपाक केला. चार वाजले, पाच, सहा. कुणीच नाही!

साडेसहाला ऑटोतून एकटे दादा उतरले. सोबत ट्रंक.

“दादा! कळवायचं तरी!”

“कळवलं की. ‘उद्या पावणेचार’ म्हटलं पोरीला. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर तुझी वाट बघत दोन तास बाकड्यावर बसलो.” मग गाद्यांकडं बघून म्हणाले, “पावणे हाईत व्हय घरात?”

उलगडा झाल्यावर आम्ही पोट धरून हसलो. दादाही हसले. पण बाकड्यावर दोन तासांत माणूस बरंच काही ठरवतो. ट्रंक त्यांनी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी “सहज आलतो” म्हणून निघाले. मी ‘राहा’ म्हणालो नाही. डोक्यात सोमवारची मीटिंग होती. याची मला फार लाज वाटते.

आठवड्यानं त्यांच्या शेजारच्या मालूकाकूंचा फोन आला. “मांजरसुद्धा माझ्याकडं देऊन गेलते, आता कायमचं पोराकडं म्हणून. आन् चार दिवसांत परत! तिथली हवा मानवली नाही म्हणतात. एवढी वाईट हाय व्हय रे?”

बंगळूरची हवा! सारा देश जिचं कौतुक करतो, तिला त्या म्हाताऱ्या माणसानं नावं ठेवली, माझं नाव राखायला.

“हो काकू,” मी म्हणालो, “फारच वाईट!”