मशिदीत भाऊजींनी काढलेला फोटो

आत्ताच अहमदाबादहून कैनाडला घरी पोचले. पाय दुखतायत, पण डोकं जास्त तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

सकाळी आम्ही घरची पाच माणसं तिथली जुनी मशीद बघायला गेलो. दगडात कोरलेली जाळी इतकी नाजूक, की मी बघतच राहिले. खांबापाशी एक म्हातारे चाचा नमाज पढत होते. माझ्या बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी, मोबाइल घेऊन थेट त्यांच्या तोंडासमोर जाऊन बसले. नमाज संपताच गुजरातीत म्हणाले, "काका, परत एकदा वाका ना, फोटो हलला."

चाचांनी चटई गुंडाळली आणि बाहेर उन्हात जाऊन बसले.

आणि हेच भाऊजी! गेल्या वर्षी आमच्या पाड्यावर लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहीत असताना एक पर्यटक बूट घालून घरात शिरला. चौक लिहिणाऱ्या बायकांना म्हणाला, "जरा इकडे बघून हसा." तेव्हा यांनीच त्याला कॉलर धरून बाहेर काढलं होतं. "इथे आमची देवी बसतेय, तमाशा नाय चाललाय!" आम्ही वर्षभर कौतुकाने सांगतोय ते.

आज मी नुसतं "भाऊजी, चला ना" पुटपुटले. गाडीत बसल्यावर झापलं, तर म्हणतात, "अगं, लोकांना बघायलाच ठेवलंय ना ते?"

तो बूटवालाही दारातून जाताना हेच म्हणाला होता.

फोटो आता घरच्या ग्रुपवर आलाय. सगळे अंगठे देतायत. खरं सांगा, तुम्ही तिथल्या तिथे बोलला असता का? मी नाही बोलले. भाऊजींपेक्षा जास्त राग मला माझाच येतोय.